तीन वर्षं उभं असलेलं किंग एअर विमान स्वस्तात मिळतंय, घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरज एमआयडीसीत कास्टिंगचा कारखाना, मालक तिघे भाऊ. दुसरा प्लांट रायपूरला, मोठी गिऱ्हाइकं कोइमतूर आणि राजकोटला. महिन्याला पाच-सहा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत दोन दिवस मोडतात. दलालानं दोन विमानं दाखवली आहेत. एक देशातलंच, १९९८ चं किंग एअर बी-२००. नोंदणी व्हीटी, म्हणजे भारतातली, गेली तीन वर्षं हँगरमध्ये उभं, किंमत मोहात पाडणारी. दुसरं अमेरिकेतलं, २००९ चं सी-९० जीटीआय, हेही किंग एअरच, पण लहान. ते चालतं-फिरतं आहे, पण किंमत पहिल्याच्या दीडपटीच्या वर. कोणतं घ्यावं, काय तपासावं, विमान कराडला ठेवता येईल का, आणि घेतल्यावर कंपनीच्या रंगात रंगवून घ्यायला काही अडचण आहे का, असे चार प्रश्न आहेत.

मी विमान देखभालीचा परवानाधारक इंजिनिअर. किंग एअरवर बरीच वर्षं हात काळे केले, आता सांगलीत राहून घेणाऱ्याच्या बाजूनं विमानं तपासून देतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: उभं असलेलं बी-२०० त्या किमतीला घेऊ नका. उभ्या विमानाची खरी किंमत ते पुन्हा उडेपर्यंत कुणालाच कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. दुसऱ्या विमानाचा विचार करा, पण त्याचेही दोन काटे आहेत, ते खाली येतील.

त्याआधी, विमान हवंच आहे का? मुंबई-पुण्यासाठी विचाराल तर उत्तर नाही असं आहे. सांगलीहून पुणे गाडीनं साडेचार-पाच तास, आणि सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारतही मिरज-सांगलीवरून जाते. विमानासाठी आधी उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर जायचं, तिकडे मुंबईत उतरायला स्लॉट मिळवायचा, पार्किंगसाठी हातापाया पडायचं, यात वाचलेला वेळ परत जातो. तुमची गिऱ्हाइकं मात्र अशा ठिकाणी आहेत की हिशोब बदलतो. कोल्हापूरहून रायपूर हवाई अंतरानं साधारण ५०० नॉटिकल मैल, कोइमतूर पावणेचारशे, राजकोट ३९० च्या आसपास. किंग एअरसारख्या टर्बोप्रॉपनं (टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानानं) रायपूर दोन तास, बाकी दोन्ही दीड-पावणेदोन तास. सकाळी निघून संध्याकाळी घरी. तुमच्या फेऱ्या धरल्या तर वर्षाला २०० ते २५० तास उडणं होईल. माझा ठोकताळा असा की १५० तासांच्या आत असाल तर चार्टर घ्या आणि सुखी राहा. तुम्ही त्या रेषेच्या वर आहात, पण ‘पाच-सहा फेऱ्या’ हा आकडा मागच्या दोन वर्षांच्या डायऱ्या काढून पडताळा. विमान घ्यायचं मनात आलं की फेऱ्या कागदावर आपोआप वाढतात. आणि त्यातल्या किती फेऱ्या कोल्हापूरच्या नेहमीच्या विमानसेवेनं, हैदराबाद किंवा बेंगळुरूमार्गे, झाल्या असत्या तेही प्रामाणिकपणे लिहा.

एवढ्या अंतराला जेट लागत नाही. दीड-दोन तासांच्या उड्डाणात जेट पंधरा-वीस मिनिटं वाचवतं आणि त्याच्या बदल्यात इंधन आणि धावपट्टी दोन्ही जास्त मागतं. टर्बोप्रॉपमध्येही किंग एअरच का, याचं कारण वेग किंवा देखणेपण नाही. पियाजिओ अवांती किंग एअरपेक्षा वेगवान आहे, पायपर शायन किंवा सेस्ना कॉन्क्वेस्ट जुन्या बाजारात स्वस्त दिसतात. पण आपल्या देशात राज्य सरकारांपासून कारखानदारांपर्यंत सगळ्यांनी वर्षानुवर्षं किंग एअर वापरलं, त्यामुळे त्याचे परवानाधारक इंजिनिअर, टाइप रेटिंग (त्याच जातीचं विमान चालवायची परवानगी) असलेले वैमानिक आणि सुटे भाग इथे मिळतात. दुर्मीळ विमानाचा एखादा सील अडला की विमान तीन आठवडे जमिनीवर, आणि तुम्ही परत हायवेवर.

आता त्या १९९८ च्या बी-२०० कडे येऊ.

या विमानावर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीटी-६ए-४२ ही दोन इंजिनं असतात, प्रत्येकी ८५० अश्वशक्तीची. ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, ३,६०० तासांना, मध्ये १,८०० तासांना हॉट सेक्शनची (इंजिनाच्या तापणाऱ्या भागाची) तपासणी. दलाल तुम्हाला सांगेल, ‘ओव्हरहॉलनंतर फक्त १,४०० तास झालेत, अजून बाविसशे शिल्लक.’ आकडा खरा असेलही. पण इंजिन तासांनी झिजतं तसंच उभं राहूनही कुजतं. इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये उभ्या इंजिनाच्या जतनाची पद्धत दिवसांच्या टप्प्यांनी दिलेली आहे. सात दिवसांपर्यंत एक, २८ दिवसांपर्यंत दुसरी, ९० दिवसांपर्यंत तिसरी, आणि त्यापुढे वेगळीच. तीन वर्षं उभ्या विमानात ही पद्धत पाळली असेल तर प्रत्येक टप्प्याची सही-शिक्क्याची नोंद लॉगबुकात असणार. ती मागा. ‘अधूनमधून स्टार्ट करून ठेवतो’ असं उत्तर आलं तर समजा की जतन झालेलं नाही. जमिनीवर थोडा वेळ चालवून बंद केलेल्या इंजिनात ओल जाते, ती वाळत नाही. विमान मुंबईत किंवा किनाऱ्याजवळ उभं असेल तर खारी हवा वेगळीच. टर्बाइनच्या पात्यांवर गंधक आणि मीठ मिळून जो गंज चढतो तो बाहेरून दिसत नाही, बोअरस्कोपनं, म्हणजे इंजिनाच्या आत घालायच्या दुर्बिणीनं दिसतो, आणि वाढलेला असेल तर पाती बदलण्यावाचून उपाय नसतो.

इंजिनाखेरीज बाकीच्या गोष्टी कॅलेंडरवर चालतात. प्रोपेलरचा ओव्हरहॉल तासांवर असतो तसाच वर्षांवरही, साधारण सहा वर्षांचा. बी-२०० च्या लँडिंग गिअरचा ओव्हरहॉल सहा वर्षं किंवा ८,००० लँडिंग, जे आधी येईल ते. पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांची तपासणी पाच वर्षांनी, बदल पंधरा वर्षांनी. विमानाची ठरलेली तपासणी चार भागांत होते, त्यांना फेज म्हणतात, दर २०० तासांना एक, पण चारही २४ महिन्यांत पुऱ्या व्हायला हव्यात. म्हणजे विमान एक मिनिटही न उडता या सगळ्या मुदती संपत राहतात. तीन वर्षं उभ्या विमानात चारही फेज थकलेल्या असणार, गिअर आणि प्रोपेलर थकलेले किंवा थकायच्या बेतात. पंखातल्या रबरी इंधन-पिशव्या कोरड्या राहिल्या की तडकतात. इंधन भरलं की चौथ्या दिवशी पंखाखाली ओलं दिसतं. बाहेरची, आतली, हायड्रॉलिकची सगळी सीलं तशीच. पुढच्या काचा गरम होणाऱ्या असतात, त्यांच्यात थर सुटायला लागले असतील तर एकेका काचेची किंमत ऐकून चहा गार होतो. ही यादी दुरुस्तीच्या शॉपकडून लेखी अंदाजासह घ्या आणि विमानाच्या किमतीत मिळवा. माझ्या पाहण्यात अशी स्वस्त विमानं बेरजेअंती चालत्या विमानाच्या पुढे गेली आहेत, आणि बेरीज होईपर्यंत आठ-दहा महिने विमान हलत नाही ते वेगळंच.

पैशांपलीकडचीही एक गोष्ट आहे. २८ जून २०१८ ला घाटकोपरला एक किंग एअर सी-९० कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. ते विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचं होतं, मग विकलं गेलं. बरीच वर्षं न उडता, लांबलेल्या दुरुस्तीनंतर ते चाचणीसाठी उडालं होतं. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण लांब मुक्कामानंतरचं पहिलं उड्डाण ही गंभीर गोष्ट आहे. ते कोण करतंय, कुठल्या हवेत, कुठल्या विमानतळावरून, हे ठरवायला तुमचा स्वतःचा माणूस हवा. विक्रेत्याच्या घाईवर ते सोडायचं नाही.

दोन्हींपैकी कोणतंही विमान घ्या, सगळ्यात जास्त वेळ कागदांना द्या. खरसुंडीच्या बाजारात खिलार घेताना आपली माणसं आधी दात बघतात, रंग आणि शिंगं नंतर. विमानाचे दात म्हणजे लॉगबुकं: एअरफ्रेमचं, दोन इंजिनांची, दोन प्रोपेलरची. पहिल्या दिवसापासून, सलग. मधलं एखादं पुस्तक ‘ऑफिस शिफ्टिंगमध्ये हरवलं’ असं कळलं तर किंमत उतरते एवढंच नाही, पुढे विकतानाही तोच प्रश्न तुमच्यासमोर येतो. पीटी-६ च्या आत फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य तासांवर नाही, सायकलींवर मोजतात. चालू, उड्डाण, बंद: एक सायकल. त्या प्रत्येक डिस्कचा कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनचा माग कागदावर हवा. माग तुटलेला असेल तर डिस्क नवी दिसत असूनही ती बदलावी लागू शकते. इथे एक खोच आहे. चाळीस मिनिटांची उड्डाणं करणाऱ्या विमानाचे तास कमी आणि सायकली जास्त असतात. कोल्हापूर-मुंबईसारख्या छोट्या टप्प्यांवर वापरलेलं ‘कमी तासांचं’ विमान डिस्कच्या बाबतीत म्हातारं असू शकतं. जाहिरातीत सायकलींचा आकडा क्वचितच असतो. तो विचारायचा.

त्यासोबत एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची यादी, म्हणजे कोणत्या सक्तीच्या सूचना पाळल्या, कधी, कुणाच्या सहीनं. विमानात नंतर केलेल्या बदलांचे कागदही हवेत. किंग एअरवर लोक प्रोपेलर बदलतात, पंखात सामानाचे कप्पे बसवतात, मागे पातळ फिन लावतात. हे बदल उपयोगी असतात, पण प्रत्येकामागे मंजूर सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बदलाचा अधिकृत दाखला असावा लागतो. अमेरिकेतल्या विमानाचा एक फायदा असा की त्याची नोंदणी आणि मोठ्या दुरुस्त्यांची नोंद ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या (तिथल्या विमान नियामकाच्या) दप्तरात असते आणि ती मागवता येते. तिथेच विमानावर कुणाचं कर्ज आहे का तेही दिसतं. विमानांवरच्या बोजांची नोंद ठेवणाऱ्या, केपटाउन कराराच्या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीतही शोध घ्यायचा. देशातलं विमान असेल तर डीजीसीएच्या (आपल्या विमान नियामकाच्या) नोंदीत आणि विकणाऱ्या कंपनीवर बँकेचा बोजा आहे का ते कंपनी रजिस्ट्रारच्या दप्तरात. जमिनीचा सातबारा बघितल्याशिवाय तुम्ही इसार देत नाही, इथे तर रक्कम कितीतरी मोठी आहे.

प्री-बाय, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीबद्दल माझे दोन हट्ट आहेत. विमान आजवर ज्या शॉपनं सांभाळलं तिथे ती करायची नाही. आणि इसार विक्रेत्याच्या किंवा दलालाच्या खात्यात द्यायचा नाही. तिसऱ्या पक्षाकडे एस्क्रोमध्ये (सौदा पुरा होईपर्यंतच्या ठेवीत) ठेवायचा आणि तपासणीनंतर नको वाटलं तर पूर्ण परत, हे करारात लिहून घ्यायचं. तपासणीचा खर्च तुमचा, उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे दोष निघाले तर ते दुरुस्त करण्याचा खर्च विक्रेत्याचा, अशीच रीत आहे. तपासणीत दोन्ही इंजिनांचं बोअरस्कोप, पॉवर रन करून (जमिनीवर इंजिन जोरात चालवून) तापमान आणि टॉर्कचे आकडे मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडून बघणं, फरशी उचलून खालचा गंज, इंधन टाक्या, गिअर, आणि एक उड्डाण. उड्डाणात केबिनचा दाब पूर्ण चढतो का, धरून राहतो का, हे बघायचंच. पाच-सात दिवसांत हे उरकतं. ‘दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, उद्या सांगा’ असं दलाल म्हणाला तर त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या.

आता जीटीआयचे दोन काटे.

पहिला वयाचा. केबिनमध्ये दाब असलेलं जुनं विमान देशात आणायला डीजीसीएची वयोमर्यादा आहे. मी हँगरमध्ये होतो त्या काळात ती १५ वर्षांची होती, पुढे वाढवली गेली. तुमचं विमान २००९ चं, म्हणजे मर्यादेच्या काठावरच फिरतंय. सौदा, तपासणी, परवानगी, इकडे आणणं, यात सहज आठ महिने ते वर्ष जातं. ज्या दिवशी विमान देशात येईल त्या दिवसाचं वय धरून, आज लागू असलेली सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट (डीजीसीएची नियमावली) समोर ठेवून, डीजीसीएची तत्त्वतः मंजुरी आधी हातात घ्या. दलालाच्या ‘होऊन जातं’ वर इसार देऊ नका. १९९८ चं बी-२०० आधीच व्हीटी असल्यामुळे त्याला हा आयातीचा प्रश्न नाही. त्याच्या बाजूनं बोलणारी ही एक खरी गोष्ट, आणि दलाल तीच लावून धरणार.

दुसरा काटा कराचा, आणि तो जास्त रुततो. वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी २८ टक्के अधिक सेस असा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. बाकीच्या विमानांवर ५ टक्के. म्हणजे वीस कोटींच्या विमानावर एका वाटेनं जवळजवळ आठ कोटी, दुसऱ्या वाटेनं एक कोटी. वर इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर पुढच्या करातून वजा करण्याचं कलम १७(५): प्रवासी वाहतूक, पुढची विक्री किंवा उड्डाण प्रशिक्षण अशा कामांसाठी विमान असेल तरच क्रेडिट मिळतं. संचालकांच्या प्रवासासाठी असेल तर ते अडतं. म्हणून बरेच लोक नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर परमिटची, म्हणजे चार्टर चालवायच्या परवान्याची वाट धरतात. ती वाट खोटी नाही, पण ती कागदापुरती धरू नका. परमिट म्हणजे जबाबदार अधिकारी, ऑपरेशन्स मॅन्युअल, सुरक्षा मंजुऱ्या, प्रशिक्षणाच्या नोंदी, डीजीसीएचं ऑडिट, आणि खरोखर भाड्यानं विमान चालवणं. एकाच विमानासाठी हा डोलारा उभा करण्यापेक्षा, आधीच परमिट असलेल्या चांगल्या ऑपरेटरकडे विमान चालवायला देण्याचा करार अनेकांना परवडतो. तुमच्या फेऱ्या तुम्ही त्याच्याकडून घ्यायच्या, उरलेले तास तो बाहेर विकतो. तुमच्या सीएला या दोन्ही वाटांवर लेखी मत द्यायला सांगा, तोंडी नको.

आणि खासगी परवान्यावर विमान घेतलंत तर एक पथ्य पाळा. निवडणुका आल्या की फोन सुरू होतात, ‘दोन दिवस विमान द्या की, डिझेलपाणी बघू.’ खासगी विमान पैसे घेऊन देता येत नाही. कुणाचाही फोन असो.

कराडचं बोलू. विमानतळ १९५५ चा, कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधलेला. धावपट्टी साधारण १,२८० मीटर, म्हणजे ४,२०० फूट. समुद्रसपाटीपासून उंची अठराशे-एकोणीसशे फूट. मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश तापमानात तिथली हवा साधारण ५,४०० फुटांवर असावी इतकी विरळ होते. पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव लांब. विमान ४,२०० फुटांत ‘उडतं’ हे खरं, आणि विकणारा तेवढंच सांगेल. विचारायचं वेगळं असतं: उडायच्या वेगापर्यंत पोचल्यावर एक इंजिन गेलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं का? आणि हवेत गेल्यावर एका इंजिनावर आगाशिव-सदाशिवगडच्या डोंगरांच्या वर चढता येतं का? फ्लाइट मॅन्युअल उघडून वैमानिकाकडून हे तक्ते मे महिन्याच्या तापमानाला, पूर्ण वजनाला काढून घ्या. पूर्ण वजनातलं बी-२०० त्यात बसवणं अवघड आहे. सी-९० जीटीआय हलकं, त्याच्या इंजिनांना उष्णतेसाठी ताकद राखून ठेवलेली, त्यामुळे त्याचं गणित बरं बसतं. तरी उन्हाळ्यात पहाटेच निघायचं आणि माणसं मोजून घ्यायची. शिवाय तिथे प्रशिक्षणाची लहान विमानं फिरतात, आणि पावसाळ्यात कोयनाकाठचे ढग खाली बसले की उपकरणांवर उतरायची सोय हवी.

म्हणून माझा सल्ला कोल्हापूर. सांगलीहून ५० किलोमीटर, धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केलेली, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आहे, रात्रीच्या उतरण्याची सोय झाली आहे. तरी विमानतळ किती वाजेपर्यंत उघडा असतो ते बघा, कारण राजकोटची मीटिंग लांबली की तुम्हाला पुण्यात किंवा बेळगावात उतरून गाडीनं घरी यावं लागेल. विमान घ्यायच्या आधी पार्किंगची, शक्य तर हँगरची, लेखी व्यवस्था करा. कोल्हापूरचा पाऊस उघड्यावर खाल्लेलं विमान तीन पावसाळ्यांत त्या १९९८ च्या विमानासारखं होतं. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी पुन्हा सुरू होईल म्हणून कुणी थांबायला सांगत असेल तर थांबू नका. आमच्या पिढीनं त्याची पुष्कळ वाट बघून झाली आहे.

वजनाचं एक गणित इथेच सांगतो, कारण तिघे भाऊ, दोन मॅनेजर आणि सँपल कास्टिंगच्या पेट्या असा तुमचा बेत दिसतो. बी-२०० चं कमाल वजन १२,५०० पौंड. नेहमीच्या सजावटीचं रिकामं विमान साधारण ८,५०० पौंड. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधन ३,६४५ पौंड. उरले साडेतीनशे पौंड, म्हणजे १६० किलो. त्यात दोन वैमानिक बसले की संपलं. जाहिरातीत ‘नऊ सीट’ आणि ‘१,५०० मैलांचा पल्ला’ दोन्ही खरे असतात, फक्त एकाच वेळी नसतात. तुमच्या पल्ल्यांना टाक्या पूर्ण भराव्या लागत नाहीत म्हणून अडचण नाही, पण सी-९० मध्ये पाच माणसं आणि पेट्या घेऊन रायपूर गाठताना वैमानिक वजनकाटा आणेल तेव्हा रागावू नका. सहा माणसं नेहमीच जाणार असतील तर चालतं-फिरतं, हँगरमध्ये न झोपलेलं, १९९८ पेक्षा तरुण बी-२०० शोधणं जास्त शहाणपणाचं. किंग एअर ३५० ला मात्र जाऊ नका. ते १५,००० पौंडांचं, ५,७०० किलोची नियमांमधली रेषा ओलांडतं, आणि त्या रेषेपलीकडे उपकरणं आणि कागद दोन्ही वाढतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

कॉकपिटमध्ये एक गोष्ट नक्की बघा: आरव्हीएसएम, म्हणजे वरच्या थरात विमानांमधलं उंचीचं अंतर कमी ठेवून उडायची मंजुरी आहे का. २००३ पासून आपल्या आकाशात २९,००० फुटांच्या वर ती लागते. नसेल तर विमान २८,००० ला अडकतं, तिथे इंधन जास्त आणि पावसाळी ढग समोरच. जुन्या काचेच्या नळ्यांचे डिस्प्ले असतील तर त्यांचे सुटे भाग संपत आलेत हे धरून चाला. गगन (उपग्रहावरून दिशा दाखवणारी आपली यंत्रणा), टक्करविरोधी यंत्रणा, ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातानंतर जागा कळवणारा ट्रान्समीटर) यांतलं काय विमानात आहे आणि काय बसवावं लागेल याची यादी डीजीसीएच्या आजच्या अटींशी ताडून घ्या.

चालवायचा खर्च मोठ्या आकड्यांत. बी-२०० तासाला ३८०-४०० लिटर एटीएफ (विमानाचं इंधन) पितं, सी-९० त्याच्या पाऊणपट. लिटर शंभराच्या आसपास धरा, म्हणजे बी-२०० चं इंधनच तासाला चाळीस हजार. इंजिनांसाठी दर तासाला पैसे बाजूला काढायचे. समजा एका इंजिनाच्या ओव्हरहॉलला साडेतीन कोटी धरले, तर दोन्हींचे सात कोटी भागिले ३,६००, म्हणजे तासाला साडेएकोणीस हजार. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणारा मालक मी क्वचित पाहिलाय. जे ठेवत नाहीत, त्यांचीच विमानं ओव्हरहॉलच्या तोंडावर बाजारात येतात. म्हणून जुन्या विमानात ‘ओव्हरहॉलला किती तास उरले’ हा आकडा किमतीतून वजा करूनच तुलना करा. विमा, तपासण्या, पार्किंग, नेव्हिगेशनचे आकार हे विमान उडो न उडो चालूच.

वैमानिक दोन ठेवा. यातली काही विमानं एका वैमानिकावर प्रमाणित आहेत, हे मला माहीत आहे. तरीही दोन. पगारात काटकसर करू नका आणि दरवर्षी सिम्युलेटरला पाठवा. आणि एकदा तिघाही भावांनी त्यांच्यासमोर बसून सांगा की ‘हवा खराब आहे, आज जात नाही’ या वाक्यावर तुम्ही कधीच प्रश्न विचारणार नाही. जूनमध्ये सह्याद्रीच्या कडेला ढग साचलेले असताना मागच्या सीटवरून ‘बघा की जमतंय का’ असं म्हणणारा मालक हा माझ्या मते विमानातला सगळ्यात धोकादायक भाग असतो.

तर आता करायचं काय? बी-२०० च्या दलालाला नकार द्यायच्या आधी एक संधी द्या. विक्रेत्यानं चारही फेज, गिअर, प्रोपेलर स्वतःच्या खर्चानं पुरे करून, विमान उडतं करून, पंचवीस-तीस तास उडवून दाखवलं तर पुन्हा बोलू, तेव्हा किंमत अर्थातच वाढलेली असेल. तो वाढीव आकडा जीटीआयच्या शेजारी ठेवा. जीटीआयच्या मालकाकडून सगळ्या लॉगबुकांचे स्कॅन मागवा. खरा विक्रेता ते दोन दिवसांत पाठवतो. ते वाचूनच अमेरिकेचं तिकीट काढायचं की नाही ते ठरवू.

राहिला रंगाचा प्रश्न. रंगवून घ्या, पण लगेच नको. पहिल्या मोठ्या तपासणीला विमान उघडेल तेव्हाच. रंग काढताना गंज दिसतो, तो तेव्हाच आवरता येतो. रंगानंतर एलेव्हेटर, रडर, एलेरॉन यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो आणि विमान पुन्हा तोलावं लागतं, कारण रंगालाही वजन असतं. गडद निळा तुम्हाला आवडलाय असं दिसतं. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये उघड्यावर उभ्या गडद विमानाची केबिन भट्टीसारखी तापते, आणि भट्टीचं काम तुम्ही कारखान्यात पुरेसं करताच. पांढरा घ्या, निळा पट्टा ओढा.